मनगटावरचा पावलं मोजायचा पट्टा: आठ महिने बेळगावच्या शहापुरात, पाच दिवस मुंबईत

गुढीपाडव्याला मुलगा मुंबईहून आला तेव्हा माझ्यासाठी हा पट्टा घेऊन आला, म्हणजे घड्याळासारखा मनगटावर बांधायचा, पावलं मोजणारा, ज्याला सगळे फिटनेस बँड म्हणतात तो. १,८०० रुपयाला पडला म्हणाला. आता डिसेंबर लागला, आठ महिने वर झाले, अंघोळीची वेळ आणि चार्जरविना गेलेले चार दिवस सोडले तर हातातून क्वचितच काढला, आणि मधे पाच दिवस मुंबई पण फिरून आले त्याला घेऊन, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, चार दिवस वापरून लिहिलेलं काही कामाचं नसतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन हजाराच्या आतले तीन पट्टे मी जवळून बघितले, एक माझा, एक जावेचा, एक शेजारच्या काकूंच्या सुनेचा, तिन्ही वेगळ्या कंपन्यांचे आणि तिन्ही वागायला जवळपास सारखेच, म्हणून नावापेक्षा हा प्रकार काय आहे ते कळलं तर घेणाऱ्याला जास्त उपयोग होईल.

माझं थोडं सांगते म्हणजे कुणाच्या हातात होता ते कळेल. वय ५६. शहापूरला जुन्या घरात राहतो, मी घरातच शिलाई करते, ब्लाऊज, परकर, साडीला फॉल-पिको. लग्नसराईत दिवसाचे आठ-नऊ तास मशीनवर जातात. गेल्या वर्षी शुगर बॉर्डरवर आली, उजवा गुडघा त्याच्या आधीपासून दुखायचा, डॉक्टर म्हणाले वजन आणि बसणं दोन्ही कमी करा. आणि एक गोष्ट मनात सलत होती, चार वर्षांपूर्वी मुंबईला गेलो होतो तेव्हा दुपारी बारालाच माझे पाय संपले, गेटवेजवळ एका कट्ट्यावर मी बसून राहिले आणि मुलगा-सून फिरायचं सोडून माझ्यासोबत थांबले. परत जाईन तेव्हा त्यांच्या बरोबरीनं चालायचं हे तेव्हाच ठरवलेलं.

तर पट्टा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं हा बिघडलेला आहे. भाकऱ्या थापल्या की पावलं वाढायची, कणीक मळली की वाढायची, आणि मशीनवर दिवसभर पाय मारले तर एक पाऊल नाही. मग मुलानं फोनवर समजावलं. आत एक बारीक चिप असते, ऍक्सेलरोमीटर म्हणतात तिला, ती हाताचं हलणं तिन्ही दिशेनं धरते आणि त्या हलण्यात चालण्यासारखी लय दिसली की पाऊल म्हणून मोजते. म्हणजे हा पाय मोजतच नाही, हात मोजतो. हे एकदा डोक्यात बसलं की सगळं समजतं.

मी मग स्वतः मोजून बघितलं, शिलाईवालीला मापाशिवाय चैन पडत नाही. मनात ५०० पावलं मोजत गल्लीतनं सरळ चालले, दोन्ही हात मोकळे, पट्ट्यानं ४८८ दाखवली. हे चांगलंच म्हणायचं. मग तेवढीच पावलं भाजीची जड पिशवी त्याच हातात धरून, तर ३४१. छत्री धरून ४१०. दहा भाकऱ्या थापल्या उभ्या जागेवर, ९० पावलं फुकट मिळाली. स्कूटरवर मागं बसून खडेबाजारातनं शहापूरला आले, रस्त्याच्या खड्ड्यांनी ६०-७० वाढली. म्हणजे बाजारहाट करणाऱ्या बाईला हा कमी मार्क देतो आणि स्वयंपाक करणारीला जास्त, दिवसाच्या शेवटी दोन्ही मिळून हिशेब बराचसा जमतो पण आकडा अगदी खरा धरून बसू नका. भाजी आणायला जाताना पिशवी दुसऱ्या हातात धरायची, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

आता ज्याच्यासाठी मी हा पट्टा घ्या म्हणून सांगेन ते फीचर. तास-पाऊण तास तुम्ही हललाच नाहीत तर मनगटावर बारीक थरथर होते, उठा म्हणून. फोनमधल्या पट्ट्याच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावं लागतं, आपोआप चालू नसतं, माझं पहिले दोन आठवडे बंदच होतं. मशीनवर बसलेल्या माणसाला वेळेचं भान राहत नाही हो, एक बाही जोडली की दुसरी, ती झाली की गळा, आणि उठताना गुडघा असा आखडलेला की दोन मिनिटं भिंतीला धरून उभं राहायचं. थरथर झाली की मी सुई कापडात आहे तिथंच ठेवते आणि उठते. आमचं घर जुन्या पद्धतीचं, अरुंद आणि लांबच लांब, पुढच्या दारापासून परसापर्यंत माझी ३४ पावलं. तीन खेपा मारते, परसात तुळशीला हात लावून येते, घोटभर पाणी पिते, परत बसते. चार मिनिटंसुद्धा जात नाहीत. दिवसाला सात-आठ वेळा असं झालं की बाहेर न जाता दीड हजाराच्या आसपास पावलं होतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुडघा आखडत नाही. दोन महिन्यात मला फरक कळला, संध्याकाळी मशीनवरनं उठताना भिंत लागेना झाली.

सुरुवातीला आमचे हे म्हणायचे, "सारखं काय येरझाऱ्या घालायलीस, चक्कर यायची." आता त्यांनाच रविवारी मॅच बघताना मी उठवते.

पट्ट्याचं टार्गेट कंपनीकडनं १०,००० पावलं लावून येतं. मला पहिला महिना ते काही जमलं नाही आणि रोज रात्री स्क्रीनवरचं टार्गेटचं अपुरं वर्तुळ बघून वाईट वाटायचं. मग भाचीनं, ती नर्स आहे, सांगितलं की ह्या दहा हजारामागं डॉक्टरी असं काही नाहीच. जपानमध्ये १९६५ साली यामासा नावाच्या कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र काढलं, टोकियो ऑलिंपिक नुकतंच झालेलं, लोकांना चालायची हौस आलेली, त्या यंत्राचं नाव ठेवलं मानपो-केई म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल आणि सुरेख म्हणून तो जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्कर बायकांवर मोठा अभ्यास झाला, सरासरी वय ७२, साडेसोळा हजाराच्या वर बायका, त्यात दिवसाला ४,४०० च्या आसपास चालणाऱ्या बायकांमध्ये २,७०० वाल्यांपेक्षा मरणाचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढं फायदा वाढताना दिसला नाही. हे ऐकून मी अॅपमध्ये टार्गेट ६,००० केलं. टार्गेट बदलता येतं हे कितीतरी लोकांना माहीतच नाही. ज्या दिवशी बदललं त्याच आठवड्यात चार दिवस वर्तुळ पूर्ण झालं आणि मग हुरूप आला तो आलाच, आता सात हजारावर आहे.

पावसाळ्याचं सांगायलाच पाहिजे कारण बेळगावचा पाऊस बाहेरच्यांना कळत नाही. जून ते सप्टेंबर सकाळी चालायला जाणं म्हणजे नशिबाचा भाग, जुलैत तर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, गल्लीत पाणी. त्याआधी एप्रिल-मे मी सकाळी वॅक्सिन डेपोच्या आवारात जायचे, झाडी आहे, गार असतं, चालणाऱ्यांची गर्दी पण असते, किंवा मग काँग्रेस रोडनं. जूनमध्ये सगळं बंद. तेव्हा ह्या पट्ट्यानं मला घरात चालतं ठेवलं, ३४ पावलांच्या त्या पट्टीत. पलीकडं कापड विणायच्या मागाचा आवाज चालू, त्या ठेक्यात मी पुढचं दार ते परसदार, परसदार ते पुढचं दार. शेजारच्या आजी कन्नड बोलतात, दारातनं बघून रोज म्हणायच्या, "सावकाश होगरी," म्हणजे सावकाश जा. फरशी ओली असते ना पावसाळ्यात. पायात रबरी तळाची चप्पल घालूनच घरात चाला हे मी कुणालाही सांगेन, अनवाणी ओल्या फरशीवर नको.

आता ह्याची सगळ्यात मोठी उणीव, आणि माझ्या मते ही कंपन्यांनी ठळक छापून सांगायला पाहिजे. गुडघ्याला खरा आराम मला चालण्यानं अर्धाच पडला, बाकीचा अर्धा मांडीच्या आणि पोटरीच्या व्यायामानं पडला, आणि पट्टा त्याची नोंदच घेत नाही. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी दिलेले साधे तीन प्रकार. पाठ सरळ ठेवून, हात न टेकता खुर्चीवरनं उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि हळू खाली आणायच्या, पंधरा वेळा. भाकरी भाजताना एका पायावर उभं राहायचं, तव्यापासनं लांब होऊन आणि कट्ट्याला एक बोट लावून, आधी हा पाय मग तो. हे सगळं केलं तर पट्टा किती दाखवतो? शून्य. खुर्चीवरची दहा उठबस आणि नुसतं बसून राहणं त्याच्या लेखी एकच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली जे सांगितलंय त्यात आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल आहे आणि त्याच्या जोडीला आठवड्यातनं दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम पण आहेत, हा दुसरा भाग पट्टा बघून माणूस विसरून जातो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्या खुणा करायला लागले, खडूपेन्सिलनं, जी कापडावर वापरते तीच.

मुंबईला दिवाळीनंतर गेलो. रात्रीची दादर गाडी, पहाटे उतरलो शनिवारी. पट्टा म्हणतो गाडीत झोपेत मी ३०० पावलं चालले, ते सोडून देऊ. दादरचा पूल चढताना मात्र मी मुद्दाम बघितलं, हातात पिशवी नव्हती, मुलानं सगळं सामान घेतलं होतं, वर पोचल्यावर नाडी १२८, घरी बसलेली असते तेव्हा ७४. पट्ट्याच्या मागं हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीवर प्रकाश टाकून रक्ताची ये-जा बघतो आणि त्यावरनं ठोके काढतो. मी मानेला बोट लावून घड्याळ बघून ताडून पाहिलं, दोन-चारचा फरक. चालताना पट्टा सैल असेल तर मात्र काहीही सांगतो, एकदा सरळ रस्त्यावर १७० दाखवले आणि मी घाबरून खाली बसले, मग कळलं घामानं पट्टा घसरून मनगटाच्या हाडावर आला होता. हाडापासून एक बोट वर आणि थोडा घट्ट, एवढी काळजी घ्या. जिने मात्र हा मोजत नाही. महागाच्या घड्याळांमध्ये हवेचा दाब मोजायची सोय असते म्हणून मजले कळतात, ह्यात ती नाही. मुंबईत दिवसाला जेवढे जिने चढावे लागतात त्याचा हिशेब कुठंच लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी नुसतं शिवाजी पार्क. एक फेरी माझी १,८०० पावलांच्या थोडी वर. दोन मारल्या, कट्ट्यावर बसलो, बरं वाटलं.

रविवारी मोठा दिवस. रविवारी त्या भागात ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, चालायला हाच दिवस हे सुनेचं म्हणणं आणि ते शंभर टक्के बरोबर निघालं. सीएसएमटीला उतरलो. ती इमारत १८७८ ला बांधायला घेतली आणि पुरी व्हायला दहा वर्षं लागली, २००४ पासून जागतिक वारसा आहे, पण मला तिचं सगळ्यात काय आवडलं तर दगडात कोरलेली पानं-फुलं आणि जनावरं, समोरच्या फुटपाथवर उभी राहून कितीतरी वेळ बघत होते, एखाद्या पैठणीच्या पदरासारखं काम आहे. तिथनं चालत हुतात्मा चौक. इथं मी जरा थांबणार आहे कारण आमच्यासाठी ही काही फोटो काढायची जागा नाही. हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांचं स्मारक. आमच्याकडं बेळगावातही हुतात्मा चौक आहे, १७ जानेवारीला त्याच लढ्यातल्या हुतात्म्यांसाठी लोक जमतात, लहानपणी वडिलांचा हात धरून गेलेली मी. मुंबईतल्या ह्या चौकात उभं राहायचं हे वडिलांच्या मनात होतं, त्यांचं राहून गेलं. मी चालत आले आणि उभी राहिले. हे दोघं, मुलगा आणि सून, कुणी काही बोललं नाही पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांसाठी आठ महिने घरात येरझाऱ्या घातल्या असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

तिथनं काळा घोडा, मग वस्तुसंग्रहालय, १९२२ पासून लोकांसाठी खुलं आहे, घुमटाची इमारत. आता इथं पट्ट्याचं दुसरं आंधळेपण कळलं. आत आम्ही तीन तास होतो, पट्ट्यानं दाखवली फक्त २,९०० पावलं, आणि पाय जेवढे तिथं दुखले तेवढे दिवसभरात कुठं दुखले नाहीत. दोन पावलं चाला, मूर्तीपुढं उभं राहा, दोन पावलं, परत उभं. उभं राहण्याचा ताण ह्याला कळत नाही. संग्रहालय, देवळाची रांग, तिकिटाची रांग, ह्या सगळ्याला तुम्हीच मनानं हिशेब लावायचा. आत बाकं असतात त्यावर बसत बसत बघा, लाजू नका, मी पहिला तास लाजले आणि ते चुकलं.

सकाळी साडेअकरालाच पट्टा थरथरला होता, टार्गेट पूर्ण, स्क्रीनवर फटाके. तेव्हा छान वाटलं. पण पुढं काय? पुढं काही नाही. गेटवेला पोचलो, समुद्र बघितला, परत चर्चगेटपर्यंत ओव्हल मैदानाच्या बाजूनं चाललो, राजाबाई टॉवर बघत बघत, रात्री घरी आलो तेव्हा आकडा १९,४००. घरी माझं रोजचं सात हजार, त्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि रात्री गुडघा सुजला. बर्फ लावला, पाय उशीवर ठेवले, रात्रभर पोटऱ्यांत गोळे. पट्ट्यानं दिवसभरात एकदाही सांगितलं नाही की आता बस, पुरे. घरी बसून राहिले तर उठवतो, बाहेर नको तेवढी चालले तर थांबवत नाही, उलट फटाके उडवतो. माझ्या वयाच्या माणसांना पट्टा बांधून मोठ्या शहरात पाठवताना मुलांनी हे लक्षात ठेवावं, आम्ही आकडा वाढताना बघून चालत राहतो.

सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात, त्यामुळं विश्रांती आपोआप मिळाली. मंगळवारी गेलो आणि त्या दिवशी मी फोनमध्ये दर ४० मिनिटांनी साधा गजर लावला, वाजला की जिथं असेन तिथं दहा मिनिटं बसायचं. पट्ट्यातही गजर लावता येतो, पण माझ्या पट्ट्यात पाचच लागतात. गेटवेवरनं लाँचनं तासभर, हात कठड्यावर, लाटांनी पट्ट्यावर १४० पावलं पडली. बेटावर उतरल्यावर धक्क्यापासनं पायथ्यापर्यंत चालायचं किंवा छोटी गाडी आहे त्यात बसायचं, मी जाताना गाडी घेतली कारण पुढं १२० च्या आसपास पायऱ्या आहेत आणि गुडघा त्यासाठी राखायचा होता. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला दुकानं, वर ताडपत्रीची सावली, त्यामुळं तीन टप्प्यात सहज चढले. डोलीवाले विचारतात, ज्यांना अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी सोय चांगली आहे. त्रिमूर्तीसमोर पोचलो तेव्हा सून म्हणाली, "आई, दम लागलाय का?" नव्हता लागला. नाडी ११० होती, मी तिला पट्टा दाखवला. ती मूर्ती माणसाच्या तिप्पट उंचीची आणि चेहरा असा शांत, की बघताना आपला श्वास आपोआप सावकाश होतो. त्या दिवशी एकूण ११,२०० झाली आणि रात्री गुडघा ठीक. पाय दुखले, पण झोप लागली.

बुधवारी संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत. हा रस्ता ३.६ किलोमीटरचा, आणि पट्ट्यानं दाखवले ४.३. फोन मुलाच्या खिशात होता, मी पुढं चालत होते, त्यामुळं पट्टा आपल्या आपण अंतर काढत होता. ह्यात जीपीएस नसतं, फोन जवळ ठेवून अॅपमध्ये चालणं सुरू केलं तरच खरं अंतर येतं, नाहीतर तुमच्या उंचीवरनं पाऊल किती लांब असेल असा अंदाज धरून गुणाकार. घरी आल्यावर मी परसात खडूनं रेघ मारली, २० पावलं टाकली आणि टेपनं मोजली, ४९० इंच भरली, म्हणजे एक पाऊल साडेचोवीस इंच. ते अॅपमध्ये भरलं, माझ्या अॅपमध्ये भरता येतं. तेव्हापासनं अंतर बरोबर यायला लागलं.

बुटाचं पण दोन ओळी, कारण पट्टा कितीही चांगला असला तरी चालायचं बुटातच. मी बूट मुंबईला जायच्या आठच दिवस आधी घेतले, नवे कोरे, आणि रविवारी डाव्या टाचेला चावले, पाण्यानं भरलेला फोड. बूट निदान तीन आठवडे आधी घ्या, संध्याकाळी घ्या कारण दिवसभरानं पाय थोडे फुगलेले असतात, आणि घरातल्या घरात येरझाऱ्यांना तेच घाला.

बाकीचं भराभर. बॅटरी माझी नऊ-दहा दिवस जाते, मुंबईत सतत स्क्रीन बघत होते तर सहा दिवस. पाण्यानं काही होत नाही, भांडी घासताना, पावसात, सगळीकडं चालला. मुंबईच्या घामानं मात्र पट्ट्याखाली पुरळ उठलं, बेळगावच्या हवेत आठ महिन्यांत एकदाही नाही. रात्री काढून ठेवा, साबणानं धुवा, पुरता कोरडा करून बांधा, दोन दिवसांत गेलं. कॅलरीचा आकडा मी बघत नाही, भाकऱ्या थापून पावलं देणाऱ्या यंत्राच्या कॅलरीवर काय विश्वास ठेवायचा. झोप किती झाली ते सांगतो, रात्री उशिरापर्यंत पडून मोबाईल बघत बसलं तर त्यालाही झोप धरतो. काही पट्ट्यांवर बीपी पण दाखवतात, जावेच्या पट्ट्यावर आहे, आम्ही दंडाला बांधायच्या मशीनशी लावून बघितलं, तिचं बीपी १५० आलं आणि पट्टा म्हणतो १२२. गोळी चालू असलेल्या माणसानं ह्या आकड्यावर एक दिवससुद्धा राहू नये. हे मी अगदी कळकळीनं सांगते, जाऊ दोन आठवडे त्याच आकड्यावर निर्धास्त राहिली होती.

अॅप मराठीत नाही. हे मला खटकतं. मोजमापाची दोन-तीन पानं समजून घ्यायला मला मुलाची मदत लागली, आणि जिच्या घरी शिकलेली मुलं नाहीत अशी माझ्यासारखी बाई ते उठवायचं फीचर चालू कसं करणार? दुकानदारांनी निदान विकताना ते चालू करून द्यावं, दोन मिनिटांचं काम आहे.

कुणी घ्यावा? दिवसभर एका जागी बसून काम करणाऱ्यांनी, शिलाईवाले, दुकानात गल्ल्यावर बसणारे, कॉम्प्युटरवाले, ह्यांनी जरूर घ्यावा आणि १,५०० ते २,००० च्या वर जायची गरज नाही. जे रोज शेतात जातात किंवा पायीच सगळं करतात त्यांना काही नवीन सांगणार नाही. पाच पैकी माझे साडेतीन.

एक राहिलं, चार्जर. ह्याचा चार्जर चुंबकाचा, मागं दोन टिकल्यांना चिकटतो, मोबाईलचा चालत नाही आणि दुसऱ्या कंपनीच्या पट्ट्याचाही चालत नाही. माझा मुंबईला राहिला. बेळगावात तीन दुकानं फिरले, मिळाला नाही, पट्टा १२ टक्क्यांवर आला, मग ५ वर, मग बंद. चार दिवस मनगट मोकळं होतं आणि चारही दिवस मशीनवर मी दोन-दोन तास उठले नाही. घेतानाच जादाचा चार्जर मागून घ्या, दीड-दोनशेला येतो. माझा शेवटी मुलानं ट्रॅव्हल्सच्या पार्सलमधनं पाठवला, सकाळी सातला गोगटे सर्कलला बस आली, हे म्हणाले स्कूटर काढतो, मी म्हटलं राहू दे, आणि शहापूरहून चालत जाऊन चालत घेऊन आले.